सेकंड हँड माझदा एमएक्स-५ : रोज चालवायला एकदम मस्त
रोजच्या वापराला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर माझं मत तिसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ लाच, २००५ ते २०१५ वाली. वजनाला हलकी, इंजिन पुढे आणि पॉवर मागच्या चाकांना, त्यामुळे ऑफिसला जातानाचं साधं वळण पण भारी वाटतं. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला रबरी टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, म्हणजे तो बेल्ट बदलायचा खर्चच नाही. सीट दोनच, डिकी छोटी, आठवड्याचा किराणा बसतो पण मोठी बॅग विसरा. घेताना गाडी लिफ्टवर चढवून दाराखालचा भाग आणि मागच्या चाकांच्या कमानी गंजासाठी बघाच, पेंट कितीही चकाचक असू दे. आणि हो, वर्षानुवर्षं उभी असलेली कमी किलोमीटरची गाडी नकोच, रबर, सील, टायर सगळं वाळलेलं असतं, त्यापेक्षा सर्व्हिसचे कागद असलेली जास्त पळलेली घ्या.