तालुक्यात टीबी शोधायचा कसा: प्रश्नावली की एक्स-रे, सीबीनॅट की ट्रूनॅट?

"दोन आठवड्यांपासून खोकला? संध्याकाळी ताप? वजन घटलंय?" एवढं घरोघर विचारणं सगळ्यांत स्वस्त. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक्स-रे काढलाच नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणून दाट वस्त्या, मधुमेही, पूर्वी टीबी झालेले आणि रुग्णांच्या घरची माणसं यांच्यापर्यंत हातात धरायचं एक्स-रे यंत्र न्यावंच. इतरत्र प्रश्नावलीवर भागवता येईल.

एक्स-रेची गोची वेगळी. बरा झालेला टीबीही फोटोत डाग ठेवून जातो. त्यामुळे बेडका तपासावाच लागतो आणि गाडी अडते ती तिथेच. समजा, शिबिरात २५ संशयित निघाले. सीबीनॅट म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारं यंत्र. चार मॉड्यूलचं, म्हणजे एका वेळी चार नमुने घेणारं असेल, तर त्याला एका फेरीला दोनेक तास लागतात, म्हणजे आठ तासांत फार तर १६ नमुने. उरलेले नऊ दुसऱ्या दिवशी. शिबिराची तारीख यंत्राच्या रिकाम्या वेळेवरून ठरवावी, पाहुण्यांच्या सोयीने नव्हे.

सीबीनॅटमध्ये नमुना कार्ट्रिजमध्ये (बंद डबीत) भरला की हाताचं काम संपतं. टीबीवरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का, तेही त्याच चाचणीत कळतं. पण त्याला एसीची खोली आणि अखंड वीज हवी. त्याच कामाचं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट बॅटरीवर, एसीविना चालतं. मात्र त्यात वेगळा काढलेला डीएनए पिपेटने मोजून, ६ मायक्रोलिटर, चिपवर सोडावा लागतो. हात चुकला की चाचणी बाद. शिवाय रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप आणि आणखी तासभर. वीज बेभरवशाची असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही ट्रूनॅटच सुचवू, पण तंत्रज्ञ कायमचा असेल तरच.

मायक्रोस्कोप मोडीत काढू नका. मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय त्यात सहसा दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला तो कच्चाच. पण उपचार चालू असताना मेलेल्या जंतूंच्या डीएनएमुळेही नॅट (सीबीनॅट-ट्रूनॅटसारखी) चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे मायक्रोस्कोपच कामाचा.

यंत्र कुठलंही असो, नुसती थुंकी चालत नाही. सकाळी चूळ भरून, मोकळ्या हवेत, छातीतून खाकरून काढलेला २ ते ५ मिली बेडका हवा. नाव डबीवर लिहा, झाकणावर नको; झाकणं बदलतात.

रुग्ण सापडला की घरच्यांना प्रतिबंधक उपचार. सहा महिने रोज आयसोनियाझिड हे टीबीचं औषध म्हणजे सुमारे १८० डोस. रिफापेंटिन या दुसऱ्या औषधासोबत दर आठवड्याला घेतलं तर १२. बारा डोसवाला कोर्स पुरा होण्याची शक्यता जास्त, पण तो गरोदर बाईला देत नाहीत आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो. लघवी केशरी होते, हे आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद. दोन्ही कोर्सआधी त्या माणसाला स्वतःला टीबी नाही याची खात्री हवी. आणि मूळ रुग्णाच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नसेल तर हे दोन्ही कोर्स देत नाहीत. हे नेहमीच्या सीबीनॅट-ट्रूनॅट चाचणीत कळत नाही. त्यासाठी नमुना एलपीएला (लाइन प्रोब असे या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवावा लागतो.