मुरगावचं भरतीचं कोष्टक: मांडवीकाठी कितपत चालतं?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक कोष्टकात गोव्यातल्या मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि मीटरमध्ये उंची मिळते. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, तेही आकड्यांत स्वच्छ दिसतं. बंदरापुरतं काम चोख.

मांडवी नदीत मात्र आकडे जसेच्या तसे घेऊ नका. आत जावं तशी भरती उशिरा पोचते. मानशीच्या (खाजण शेतीच्या बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं झडपेचं दार) भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी रंगवा, पंधरा दिवस नोंदी ठेवा, म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही सापडतील. कोष्टकाशी जो फरक निघेल तोच तुमचा आकडा. कोष्टकातली उंची चार्टच्या शून्यापासून (सागरी नकाशाची आधारपातळी, साधारण सर्वांत खालच्या ओहोटीजवळची) मोजलेली असते, सरासरी समुद्रसपाटीपासून नव्हे. बांधाची उंची ठरवताना इथंच गफलत होते.

खरी उणीव पावसाळ्यातली. कोष्टकात फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब. वरून उतरणारा पूर नाही, हवेचा दाबही नाही. दाब एक हेक्टापास्कल उतरला की पाणी साधारण 1 सेंमी चढतं. अंजुणे धरणाचं पाणी सुटलं आणि वाळवंटी नदीला उधाण भेटलं, तर काठच्या साखळी गावात कोष्टक बघून बसण्यात अर्थ नाही. शिवाय मानशीच्या फळीत ओंडका अडकला, की भांगालाही खारं पाणी शेतात!