स्वस्त फ्लाइंग स्कूल आणि आगाऊ भरलेली फी: नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी

नोकरी सोडणे शक्य नसल्यामुळे शनिवार-रविवारी शिकून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवावा, या विचाराने मी फ्लाइंग स्कूल शोधत होते. ज्या संस्थेचा ताशी दर सर्वांत कमी होता, तिनेच मला फसवले. संस्था बनावट नव्हती. तिच्याकडे मान्यता होती, विमाने होती आणि परवानाधारक प्रशिक्षकही होते. म्हणूनच हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण मान्यतेचा कागद तपासून निर्धास्त झालेला विद्यार्थी पुढचे कागद तितक्या बारकाईने वाचत नाही, आणि सगळी मेख तिथेच असते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार खासगी परवान्यासाठी किमान 40 तासांचे उड्डाण लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ही अट 35 तासांवर येते. मला दिलेले पॅकेज बरोबर 40 तासांवर बेतलेले होते आणि एवढ्या तासांत परवाना सहज मिळतो, असे मला ठामपणे सांगण्यात आले. वास्तविक आठवड्यातून एखादेच उड्डाण करणाऱ्या विद्यार्थ्याला 60 किंवा त्याहून अधिक तास लागणे सर्रास घडते. दोन धड्यांमध्ये पंधरवडा गेला की लँडिंगचा अंदाज चुकू लागतो आणि पुढचा धडा मागचेच गिरवण्यात जातो. हे प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असते. पॅकेजच्या वर लागणाऱ्या तासांचा दर मात्र बराच चढा होता, आणि तो जाहिरातीत नव्हे, तर करारपत्राच्या शेवटच्या पानावर छापलेला होता.

दुसरी गोष्ट तास मोजण्याची. विमानात साधारणपणे दोन मीटर असतात. टॅकोमीटरवरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतात, त्यामुळे जमिनीवर इंजिन मंद फिरत असताना ते सावकाश वाढतात. हॉब्स मीटर मात्र इंजिन सुरू झाल्यापासून घड्याळाप्रमाणे चालतो आणि त्याचा शेवटचा आकडा दर सहा मिनिटांनी पुढे सरकतो. जाहिरातीतला दर टॅकोमीटरच्या तासाचा होता, त्यात इंधन धरलेले नव्हते, आणि बिल हॉब्सवर निघत असे. प्रशिक्षक मला इंजिन सुरू करायला सांगत आणि मग मांडीवर पॅड ठेवून आधीच्या विद्यार्थ्याचे कागद भरत बसत. विमान एप्रनवरच, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवरच, उभे असायचे, डोळ्यांसमोर तो आकडा एकदा सरके, पुन्हा सरके, आणि हा सगळा वेळ माझ्या ‘उड्डाणात’ जमा होई. मी हरकत घेतल्यावर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, असे उत्तर मिळाले. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो हे खरेच आहे, पण प्रत्येक वेळी तेवढा नक्कीच नाही.

एकरकमी फी भरल्यास सवलत, असा आग्रह होता. रक्कम जमा झाली आणि त्यानंतर शनिवार-रविवारचे सकाळचे स्लॉट मिळेनासे झाले. ते पूर्णवेळ विद्यार्थ्यांना आधीच दिलेले असत, आणि मला दुपारची वेळ मिळे, जेव्हा तापलेल्या हवेतले हेलकावे आणि बाजूचा वारा यांमुळे नवख्या विद्यार्थ्याचा धडा हमखास रद्द होतो. माहितीपत्रकातल्या विमानांपैकी एक हँगरच्या मागच्या भिंतीला लागून उभे होते. त्याला प्रोपेलरच नव्हता आणि टायर पार बसलेले होते. उरलेल्यांतले एखादे दर 100 तासांच्या वापरानंतरच्या तपासणीसाठी गेले की आम्हा सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांचाच क्रमांक पहिला कापला जाई.

त्यातच प्रशिक्षक बदलत राहिले. उड्डाणाचे तास साठवून विमान कंपनीत जाण्यासाठी तरुण प्रशिक्षक संस्था सोडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवा प्रशिक्षक प्रत्येक वेळी ‘आधी तुमचे उड्डाण पाहू’ म्हणे आणि त्या पाहणीचे पैसे माझ्याच खात्यातून जात. करारात एक अट होती की ठरलेल्या मुदतीत प्रशिक्षण पूर्ण न झाल्यास शिल्लक रक्कम बाद होईल, आणि विलंब कोणामुळे झाला याला त्यात काहीच महत्त्व नव्हते. स्लॉट त्यांनीच द्यायचे नाहीत आणि मुदत संपली म्हणून पैसेही त्यांनीच ठेवायचे, याला मी फसवणूकच म्हणते.

परतावा मागितल्यावर झालेले तास सवलतीशिवायच्या दराने पुन्हा मोजले गेले, आणि हिशेब मान्य केल्याशिवाय लॉगबुकवर (उड्डाणांच्या तासांच्या नोंदवहीवर) सह्या मिळणार नाहीत, असेही सुनावण्यात आले. यातले शेवटचे सर्वांत घातक आहे, कारण सही नसलेले तास दुसरी संस्था धरत नाही. म्हणून लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्यावी आणि उड्डाणाआधी व नंतर मीटरचा फोटो काढून ठेवावा.

आगाऊ रकमेचा धोका केवळ लबाड संस्थेपुरता नाही. 2008 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण संस्था अचानक बंद पडली आणि कर्ज काढून आधीच फी भरलेले विद्यार्थी अधांतरी राहिले. शक्यतो प्रत्येक उड्डाणाचे पैसे त्या त्या वेळी द्यावेत. फार तर थोड्या तासांचे आगाऊ भरावेत, तेही परताव्याची अट लेखी घेऊनच. दर विचारताना तास कोणत्या मीटरवर मोजणार, त्यात इंधन आणि प्रशिक्षकाचे मानधन धरले आहे का, परीक्षकाची फी व परीक्षेच्या दिवशीचे विमानभाडे वेगळे आहे का, हे सर्व कागदावर मागावे. मागच्या काही शनिवार-रविवारचे बुकिंग रजिस्टर पाहायला मागावे. दाखवण्यास टाळाटाळ झाली तर तिथून निघावे. आणि ऑफिसने निवडून दिलेल्या विद्यार्थ्याशी नव्हे, तर हँगरबाहेर थांबलेल्या, नोकरी करून शिकणाऱ्या एखाद्याशी बोलावे.

मी नियामक संस्थेकडे तक्रार केली आहे, पण तिथे मान्यता, नोंदी आणि सुरक्षितता यांची दखल घेतली जाते, पैशांच्या वादाची नाही, असे मला सांगण्यात आले. त्यासाठी ग्राहक तक्रारीचा मार्ग वेगळा धरावा लागला असून करारपत्र, बिले, रद्द झालेल्या स्लॉटचे संदेश आणि मीटरचे काही फोटो मी त्या तक्रारीला जोडले आहेत.