बाबांसाठी प्युरिफायर घेऊ की त्यांची फिरायची वेळ बदलू?

थंडी पडली की दोन-तीन जण तरी विचारतातच, आई-बाबांसाठी एअर प्युरिफायर घेऊ का, तू घेतला होतास ना. घेतला होता. आणि त्याच हिवाळ्यात बाबांची फिरायची वेळ बदलली, त्यांना एन-९५ मास्क लावायला शिकवलं, म्हणजे दोन्ही करून झालंय, तर एकदाच लिहून टाकतो.

खोकल्या-दम्यासाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी, आमची काळजी डोक्याची, म्हणजे स्मरणशक्तीची होती. बाबा एजी ऑफिसातून (सरकारी हिशेबांचं ऑफिस) रिटायर झालेले, ७६ वर्षांचे, दूध-भाजी-गॅस सगळं अजून वहीत लिहितात आणि महिनाअखेर बेरीज तोंडी करतात. त्या नोव्हेंबरात पहिल्यांदा हातचा विसरायला लागले. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी गुपचूप वही बघायला लागलो.

डॉक्टरांनी बीपी, शुगर, बी-१२ सगळं बघितलं आणि जाता जाता हवेचं विचारलं. मग मी वाचत बसलो. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमिशनने २०२० मध्ये वायुप्रदूषण डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांच्या यादीत घातलंय. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्या खराब करतात, आणि त्याहून बारीक कण वासाच्या नसेतून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. चीनमध्ये २०१० आणि २०१४ ला वीसेक हजार लोकांची शब्दांची नि गणिताची चाचणी घेतली होती, हवा खराब तिथे मार्क कमी, आणि शब्दांच्या चाचणीत सगळ्यात जास्त फटका वयस्क, कमी शिकलेल्या पुरुषांना. (हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, मी बीकॉम आहे.) आणि आपलं ग्वाल्हेर तर २०१६ साली डब्ल्यूएचओच्या यादीत पीएम २.५ मध्ये जगात दुसरं होतं, वर्षाची सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम, जिथे त्यांची आताची मर्यादा ५ आहे आणि आपल्या सरकारची ४०. आता तेवढं नसेल, पण डिसेंबरात आमच्या लष्कर भागात सकाळी गच्चीवर जाऊन बघा.

तर प्युरिफायर. मशीन म्हणून तक्रार नाही, कंपनीने वर्षभर चालेल म्हटलेला फिल्टर आमच्याकडे पाच महिन्यांत काळा पडला एवढं सोडलं तर. बंद खोलीत आकडा खरंच खाली येतो. पहिल्याच सकाळी बाबांनी देवापुढे उदबत्ती लावली आणि मशीन लाल दिवा लावून गुरगुरायला लागलं, तेव्हा कळलं की घरातला धूरही काही कमी नाही. उदबत्ती आता चौकात लागते आणि कासवछाप तर बंदच केली, याला एक पैसा लागला नाही.

पण दार. प्युरिफायरला दार बंद लागतं आणि आमचं घर जुनं, मधे चौक, चौदा फुटी छत, वर रोशनदान, बाथरूम चौकाच्या पलीकडे. बाबा रात्री तीनदा उठणार, तीनदा दार उघडणार, तीनदा मशीन गर्रर्र करून चढणार. तेही चालवून घेतलं असतं. दिवसाचं काय? बाबांची खोली रस्त्याकडची, दार कायम सताड उघडं, दूधवाला तिथूनच हाक मारतो, शेजारचे काका संध्याकाळी तिथूनच आत येतात. मी आपला येता-जाता दार लाव, दार लाव. बाबांना कमी ऐकू येतं, त्यात मशीनचा आवाज, म्हणून हाक ऐकूच जाईना. काका दोनदा येऊन बंद दार बघून, झोपले असतील म्हणून परत गेले, तिसऱ्यांदा आलेच नाहीत. दोन आठवड्यांनी बायको म्हणाली, बाबा आज दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलले, बाकी कोणाशीच नाही. आणि त्या लॅन्सेटच्या यादीत प्रदूषणाच्या शेजारीच काय आहे माहितीये, कमी ऐकू येणं, एकटेपणा आणि हालचाल नसणं. म्हणजे एक कारण कमी करायला मी बारा हजार खर्चून दुसरी दोन वाढवत होतो. माझ्यासाठी तिथेच निकाल लागला.

फिरण्याचं उलट होतं. बाबा पहाटे साडेपाचला फूलबागेत जायचे, ताजी हवा म्हणून. थंडीत पहाटेची हवा ताजी नसतेच, खाली गार हवा अडकलेली असते, शेकोट्यांचा नि गाड्यांचा धूर तिच्यातच बसून राहतो, ऊन चढल्यावर हलतो. म्हणून अकरा वाजता जायचं, मोठा रस्ता टाळून कटोरा तालाकडे, आणि रस्ता ओलांडेपर्यंत मास्क. भांडण झालंच, पहाटेचा ग्रुप सुटला याचं त्यांना खूप लागलं आणि ते बरोबरच होतं. सहापैकी दोघेच अकराला यायला तयार झाले. पण तिघं उन्हात तासभर बसतात, शेंगा खातात, घरी येऊन कोण काय म्हणालं ते सांगतात. एप्रिलपासून परत पहाटे, मे महिन्यात अकराला कोण जाणार.

वहीतले हातचे? फेब्रुवारीत मला एकच चूक सापडली. आता हे उन्हामुळे, बी-१२ च्या गोळीमुळे की मी कमी बारकाईने बघितल्यामुळे, देव जाणे. हा परिणाम वर्षानुवर्षांचा असतो, चार महिन्यांत वहीत दिसायला हवा असं काही नाही. अमेरिकेत जिथे हवा सुधारली तिथल्या वयस्क बायकांमध्ये डिमेन्शियाचा धोका कमी दिसला, पण ती गावाची हवा होती, एका खोलीची नाही.

तुमचे आई-बाबा अंथरुणाला खिळलेले असतील, किंवा सिटी सेंटरकडे खिडक्या नीट लागणारा फ्लॅट असेल, तर प्युरिफायर आधी घ्या, मी अडवणार नाही. आमचाही विकलेला नाही, डिसेंबर-जानेवारीत रात्री चालतो, बाबा झोपल्यावर. पण हिंडते-फिरते असतील तर मी आधी वेळ बदलून बघेन. हार्टचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मास्कचं डॉक्टरांना विचारून, आणि झुपकेदार मिशा असतील तर तो नीट बसत नाही हे धरून चाला.

आणि मास्क घेताना पट्टी डोक्यामागून जाणारीच घ्या. कानावरची काढताना बाबांचं श्रवणयंत्र निघून पडलं आणि तिघं म्हातारे नि मी, चौघं मिळून अर्धा तास गवतात शोधत होतो.