कमल रणदिवेंचं संशोधन शोधायचंय? गुगल स्कॉलर आणि पबमेड वापरून बघितलं त्याबद्दल

मी प्राणिशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना माझा ठरलेला प्रकल्प असतो: कॅन्सरवर काम केलेला एक संशोधक निवडा, त्याचे शोधनिबंध मिळवा आणि त्या कामाचा पुढे कोणाला काय उपयोग झाला ते लिहा. त्यासाठी मुलं गुगल स्कॉलर आणि पबमेड या शोधनिबंध शोधून देणाऱ्या दोन सेवा वापरतात. दोन्हींना पैसे पडत नाहीत. इथे उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचं घेते, कारण पुण्यात हुजूरपागेत शिकलेल्या या बाईंचं नाव वर्गात फार थोड्यांना माहीत असतं, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

आधी स्कॉलर. २००४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही सेवा. इंग्रजीत आडनाव आणि आद्याक्षरं टाकली की निबंधांची यादी येते. पण खरी चीज आहे प्रत्येक निबंधाखालची ‘सायटेड बाय’ ही ओळ. तिच्यावर बोट ठेवलं की त्या निबंधाचा आधार घेऊन पुढे कोणी कोणी लिहिलं ते समोर येतं. निबंधाच्या शेवटची संदर्भसूची आपल्याला मागे नेते, ही ओळ पुढे नेते. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तेव्हा हेच काम जाडजूड छापील खंडांतून करावं लागायचं. आज तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी ते फोनवर करते. एवढ्या एका सोयीसाठी मी स्कॉलरला पैकीच्या पैकी मार्क देईन.

वर्गात दाखवायला मी १९५५ चा एक निबंध निवडते. संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलेला. विषय: तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशापासून अन्ननलिकेपर्यंतचा कॅन्सर. डॉल आणि हिल यांचा धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचा गाजलेला निबंध याच नियतकालिकात १९५० मध्ये आला होता. पाच वर्षांत मुंबईची माणसं आपल्या पान-तंबाखू-विडीचा हिशेब घेऊन तिथे पोचली. जुनी पानं स्कॅन केलेली आहेत. दोन रकान्यांतला बारीक टाइप, मध्ये कोष्टकं. मुलं ती मोठी करून बघतात आणि ‘चघळणारे’ व ‘ओढणारे’ हे रकाने वाचताना गप्प होतात. घरोघरी मशेरी आणि तंबाखूची पुडी असते, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यातले डॉ. वि. रा. खानोलकर हेच रणदिवेंचे मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

आता एच-इंडेक्स. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी निदान २० संदर्भ मिळालेत, त्याचा एच-इंडेक्स २०. स्कॉलर तो प्रोफाइलच्या कडेला मांडतं आणि मुलं पहिल्यांदा तोच उतरवून घेतात. इथे मी त्यांना थांबवते. स्कॉलरवरचं प्रोफाइल संशोधकाने स्वतः उघडायचं असतं. रणदिवे २००१ मध्ये गेल्या, स्कॉलर त्यानंतर आलं. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर दोनशेहून अधिक निबंध लिहिणाऱ्या बाईंसाठी तो आकडा शोधत बसू नका. आणि कोणी हाताने मोजून काढलाच, तरी त्यात मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधली टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा कशी मावणार? देशातली अशी पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. तिथे पेशी वाढवायला जे शिकले, त्यांनी पुढे आपापले निबंध लिहिले, आपापले विद्यार्थी घडवले. हे कुठल्याच ‘सायटेड बाय’मध्ये दिसत नाही.

ज्यांच्याकडे रणदिवे हे तंत्र शिकल्या, त्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉर्ज गाय यांचंही तेच. १९५१ मध्ये हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत न थांबता वाढत राहणाऱ्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी, त्यांच्याकडे वाढल्या, जगभर गेल्या. पण १९५२ मध्ये त्याबद्दल छापून आला तो फक्त छोटासा गोषवारा. गाय यांनी पेशी वाटल्या, निबंध मोजके लिहिले. त्यांची थोरवी आकड्यावरून ठरवू गेलात तर हाती काहीच लागायचं नाही.

पबमेडचा आवाका लहान: वैद्यक आणि जीवशास्त्र, बस. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सेवा १९९६ पासून आहे. स्कॉलरमध्ये प्रबंध, पुस्तकं, न तपासलेले मसुदे असं सगळं एकत्र येतं. इथे नोंद नीट निवडलेली असते आणि निबंध मागे घेतला असेल तर वरच ठळक सूचना असते. कॅन्सरसारख्या विषयात ही सूचना फार मोलाची. जुन्या नोंदींत मात्र बऱ्याचदा नुसतं शीर्षक असतं, सारांश नसतो. लेखकाचं पूर्ण नावही २००२ च्या आधीच्या नोंदींत नसतं, म्हणून रणदिवेंसाठी आडनावापुढे ‘के जे’ टाकायला विसरू नका.

माझं मत विचाराल तर शोधायला स्कॉलर, खातरजमेला पबमेड. स्कॉलरला पाचपैकी चार, पबमेडला साडेचार. स्कॉलरचा एक गुण त्या आकड्याच्या चौकटीसाठी कापते, कारण ती पाहून मुलं निबंध उघडायचंच सोडून देतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने १९५५ चा तो तंबाखूचा निबंध आधी काढावा. चार पानांचा आहे, आणि पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या मोफत संग्रहावर पूर्ण वाचायला मिळतो.