स्क्रीनरायटर्स असोसिएशनची ऑनलाइन नोंदणी : फोंड्याहून एका कादंबरीकार बाईचा अनुभव

पूर्वी पटकथा नोंदवायची तर मडगावहून कोकणकन्या धरायची, पहाटे दादरला उतरायचं, लोकलने अंधेरीला पटकथालेखकांच्या या संघटनेची कचेरी गाठायची, पानापानावर शिक्का घ्यायचा आणि रात्रीच्या गाडीने परत. शाळेतली दोन दिवसांची रजा जायची, म्हणून पहिल्या वेळी मी गेलेच नाही. एका निर्मात्याला माझ्या कादंबरीची गोष्ट तोंडी ऐकवली, 'शूटिंग सुरू झालं की पैसे' एवढ्या शब्दावर तीन खर्डे लिहून दिले. चित्रपट आला. त्यात माझं नाव नव्हतं आणि माझ्याकडे तारखेचा एक कागदही नव्हता.

आता हे काम घरबसल्या होतं. सभासद व्हायचं, पीडीएफ चढवायची, पानांच्या हिशेबाने पैसे भरायचे. फाइल परत येते ती प्रत्येक पानावर क्रमांक आणि तारीख घेऊन.

माझ्या कादंबरीत मुलाचं पत्र आल्यावर दीड पान आईच्या मनात चालतं. पडद्यावर मन कसं दाखवणार? चौथ्या खर्ड्यात आई भाताची पेज वाढता वाढता थांबते आणि त्याचं ताट धुऊन फळीवर पालथं घालते. बस्स. हे सुचायला तीन आठवडे गेले. त्या पानावरची तारीख मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

नोंदणी म्हणजे मालकी नव्हे, हे मात्र नीट समजून घ्या. कॉपीराइट लिहितानाच तयार होतो. हा फक्त तारखेचा पुरावा. नुसती कल्पना कायदा राखत नाही, लिहिलेलं राखतो. म्हणून दोन पानी गोषवाऱ्यावर भागवू नका, प्रसंग सविस्तर लिहा. नवा खर्डा वेगळा नोंदवावा लागतो, पुन्हा पैसे पडतात. मी मोठे बदल झाले तरच नोंदवते.

आणि करार वाचा हो! हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षं धरतात. याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला की पणजीत आपली मुलं तिथल्या फिल्म बाजारात, चहाच्या गाड्यावर, भेटेल त्याला गोष्ट सांगतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं. माझा पाचवा खर्डा आज रात्री चढवतेय, 112 पानं.