आठ महिने, एक बॉल आणि चिकटपट्टीचा ताप

टेनपिन बोलिंगसाठी १५ पौंडांचा रिॲक्टिव्ह बॉल (म्हणजे जास्त वळावा म्हणून खास रेझिनचं कव्हर असलेला) घेऊन आठ महिने झाले. बॉल कसा आहे हे इथे लिहीत नाही, त्याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. लिहायचंय ते त्याच्या आंघोळीबद्दल, म्हणजे साफसफाईबद्दल. कारण तिसऱ्या महिन्यात, साधारण सत्तराव्या गेमला, साहेब वळायचेच बंद झाले. उभं राहण्याची जागा तीच, वेग तोच, पण लेनच्या (बॉल सोडायच्या लांब पट्ट्याच्या) शेवटच्या वीस फुटांत जिथे हूक, म्हणजे वळण, घ्यायचा तिथे सरळ चालते होत.

प्रो शॉपवाल्याने, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानदाराने, बॉल दोनदा हातात फिरवला आणि म्हणाला, "मेलाय हा. नवीन घ्या." साफ करून बघू या का, विचारलं, तर "त्याने काही होत नाही." विकताना या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की हे कव्हर लेनवरचं तेल पितं. आणि तीन महिन्यांत मयत जाहीर करायला मात्र हाच पुढे! पुढचे सगळे उद्योग मी त्या रागात केले आहेत, तेव्हा वाचताना तेवढं वजा करा.

माझी पहिली चूक म्हणजे बॉल चमकतोय तोवर तो स्वच्छ आहे असं मी धरून चाललो होतो. रिॲक्टिव्ह रेझिनच्या कव्हरला बारीक छिद्रं असतात. लेनच्या ६० फुटांपैकी साधारण पहिल्या ४० फुटांवर मुद्दाम लावलेलं तेल असतं, ते प्रत्येक फेरीत बॉलवर गोल कड्यांसारखं चढतं आणि न पुसता बॉल पिशवीत टाकला की आत मुरत जातं. मी तीन महिने नेमकं तेच केलं. जुन्या टी-शर्टने एकदा पुसायचो आणि झिप बंद.

मग क्लीनरची बाटली आणली, बॉलसाठीच बनवलेली. फवारा, पूस, फवारा, पूस. टॉवेल काळा झाला, मला आनंद झाला, बॉलला काहीही फरक पडला नाही. तेव्हा मी या बाटलीला एक तारा देणार होतो. आता देणार नाही, का ते पुढे येईल.

गरम पाण्याची आंघोळ ही युक्ती सगळ्यांना ऐकून माहीत असते. गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, बादली. ११ पौंडांपर्यंतचे बॉल पाण्यावर तरंगतात, माझा दगडासारखा तळाला गेला. तळाशी टॉवेल घातला होता म्हणून बादली वाचली. पहिल्यांदा पाणी अंदाजाने घेतलं, "जितकं कडक तितकं तेल निघेल" या हिशेबाने. वीस मिनिटांत पाण्यावर पिवळट तवंग आला. मी खूश. दुसऱ्या दिवशी मधल्या बोटाचं इन्सर्ट (बोटाच्या भोकात चिकटवलेली नळी) बोटाबरोबरच बाहेर आलं. पाणी भोकात शिरलं होतं आणि गोंद सुटला होता.

आणि ते शिरलं चिकटपट्टीमुळे. आता मूळ दुखण्यावर येतो. भोकं चिकटपट्टीने बंद करा, असं सगळे एका ओळीत सांगून मोकळे होतात. कोणती चिकटपट्टी? वायरमनची काळी पट्टी गरम पाण्यात सैल पडून सरकली. रंगकामाची कागदी पट्टी पाच मिनिटांत लगदा. खोक्यांची पारदर्शक पट्टी गोलाईवर बसतच नाही, सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांतूनच पाणी आत जातं. शेवटी रुंद चंदेरी कापडी पट्टी टिकली, पण काढल्यावर भोकांभोवती असा डिंक राहिला की अंगठा घातला तर निघेना. चार रोल आणले मी. बॉलची गोलाई ठरलेली, भोकं तीनच. एवढ्या वर्षांत कुणाला एक साधं रबरी बूच करून विकावंसं वाटलं नसेल?

कापडी पट्टीसुद्धा नीट चिकटली ती तिसऱ्या खेपेला. कारण साधं होतं. ज्या बॉलचं तेल काढायचंय त्याच्यावरच मी पट्टी लावत होतो! तेलावर काय डोंबल चिकटणार. भोकांभोवतालचा भाग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, सुकू दिला, मग पट्टी दाबली, तर थेंब आत गेला नाही. नंतरचा डिंकही त्याच अल्कोहोलने निघाला. अल्कोहोल फक्त वरवरचं काम करतं म्हणून मी त्याला नावं ठेवायचो. वरवरचंच करतं, पण मला तेवढंच हवं होतं. पेटतं मात्र चटकन, तेव्हा शेगडीजवळ नको.

आता थर्मामीटर लावूनच पाणी घेतो. ५० ते ५५ अंश सेल्सिअस, वीस मिनिटं, मग बाहेर. पट्टी लावलेला, साबणाचा, जवळजवळ सात किलोचा गोळा बादलीतून काढताना बोटं घालायला भोक नसतं, हेही कुणी सांगत नाही. टॉवेलची झोळी करून उचला. नंतर पट्टी काढून भोकं खाली करून एक दिवस सुकवा.

ओव्हन, डिशवॉशर, उन्हात उभी गाडी या सूचना मलाही मिळाल्या. करू नका. कव्हर आणि आतला गाभा सारखे फुगत नाहीत, बॉल तडकतो आणि वॉरंटी गेलीच. ॲसिटोन आणि थिनर तर लांबच ठेवा, ते तेलाबरोबर कव्हरही मऊ करतात. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने द्रावकात भिजवून मऊ केलेल्या बॉलने मोसम गाजवला होता, आणि अशा प्रकारांवरूनच पुढे कडकपणाची किमान मर्यादा आली. म्हणजे आपण साफ करायला जाऊन बॉल नियमाबाहेर काढायचा.

दुरुस्ती: पहिल्या यशस्वी आंघोळीनंतर हूक परत आला आणि मी सगळं श्रेय पाण्याला दिलं होतं. पण त्याच दिवशी २००० ग्रिटचा, म्हणजे बारीक दाण्याचा, घासायचा पॅडही फिरवला होता. पुढच्या खेपेला मुद्दाम आधी नुसती आंघोळ घातली आणि खेळून बघितलं. हूक आला, पण अर्धाच. उरलेला पॅडनंतर. वापरून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तो पाण्याने खरखरीत होत नाही.

आणि ती बाटली. आता खेळ संपल्या संपल्या, बॉल घर्षणाने कोमट असतानाच मारतो आणि मायक्रोफायबरने पुसतो. बादलीतला तवंग दर वेळी आधीपेक्षा कमी निघतोय. म्हणजे बाटली चांगली होती, मी ती तीन महिने उशिरा वापरली. चार तारे. पाचवा नाही, कारण नोझल गळतं. लीगवाल्यांनी एक लक्षात ठेवा, अमेरिकेच्या युएसबीसी या बोलिंगच्या नियामक संस्थेने १ ऑगस्ट २०१९ पासून सामना चालू असताना कोणतंही द्रव बंद केलंय, अल्कोहोलसुद्धा. मधे फक्त कोरडा टॉवेल. बाटली सामन्याच्या आधी किंवा नंतर.

स्पेअरसाठीच्या, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या पिना पाडायच्या, प्लास्टिक बॉलला यातलं काही लागत नाही, तो तेल पीतच नाही. पुसा आणि ठेवा.

वहीत गेम मोजतो. पन्नास झाले की बादली. आज सत्तेचाळीस झालेत, आणि कापडी पट्टीचा रोल संपत आलाय.